मुतखडा आणि गारगोटी

लघवीवाटे पडलेला खडा रुग्ण कागदाच्या पुडीत बांधून दवाखान्यात आणतो. सह्याद्रीत भटकायला गेलेला हौशी माणूस खडकाच्या पोकळीतून निखळलेली चकचकीत गारगोटी रुमालात बांधून घरी आणतो. दोघांचाही प्रश्न एकच असतो. हा खडा नेमका कशाचा? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच टेबलावर, जवळपास त्याच सामानाने शोधणारा एक डॉक्टर दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये राहत होता. त्याचे नाव विल्यम हाइड वोलस्टन.

वोलस्टनचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ईस्ट डेरहॅम या गावी झाला. वडील धर्मगुरू होते आणि त्यांना आकाशनिरीक्षणाचा नाद होता. घर मुलाबाळांनी भरलेले होते. अंजायना, म्हणजे हृदयविकारात छातीत येणारी कळ, हिचे नेमके वर्णन करून ठेवणारे डॉ. विल्यम हेबर्डन हे त्याच्या आत्याचे यजमान. त्यामुळे विज्ञान आणि वैद्यक या दोन्ही गोष्टी त्याला घरातच भेटल्या. केंब्रिजमध्ये त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले, १७९३ मध्ये एम.डी. झाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. आधी हंटिंग्डन, मग बरी सेंट एडमंड्स या गावी त्याने व्यवसाय केला आणि १७९७ मध्ये तो लंडनला आला.

नॉरफोक हा भाग त्या काळी मूत्राशयातील खड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. लहान मुलांनाही हा आजार होई आणि भूल नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रिया करून खडा काढणे म्हणजे रुग्णासाठी जिवावरचे संकट होते. काढलेल्या खड्यांकडे मात्र बहुतेक डॉक्टर एकाच नजरेने पाहत. स्वीडनच्या शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये अशा खड्यांत यूरिक आम्ल शोधून काढले होते. पण सगळेच खडे त्याचेच असतात का, हे नीट तपासलेले नव्हते.

वोलस्टनने १७९७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे या विषयावर निबंध मांडला. संधिवाताच्या गाउट या प्रकारात सांध्यांभोवती जमणारा खडूसारखा पदार्थ म्हणजे यूरिक आम्ल आणि सोडा यांचा क्षार आहे, हे त्याने दाखवले. मूत्राशयातील खड्यांचे तर त्याने वेगवेगळे प्रकार ओळखले. तुतीच्या फळासारखा खडबडीत दिसणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. ज्योतीत धरल्यावर वितळणाऱ्या खड्यात मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट असते. हाडातल्या चुन्याशी नाते सांगणारा खडा कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. आजही मुतखड्यांची विभागणी मुख्यतः याच पदार्थांवरून होते.

त्याची पद्धत साधी होती. आधी खड्याचा रंग, पोत आणि मोडल्यावर दिसणारे थर पाहायचे. मग कणभर तुकडा आम्लात टाकायचा, कणभर अल्कलीत टाकायचा. तिसरा कण फुंकनळीच्या ज्योतीत धरायचा आणि तो जळतो, वितळतो की तसाच राहतो हे पाहायचे. खाणीतून आलेला दगड ओळखण्याचीही त्या काळची हीच रीत होती. वोलस्टनने ती रुग्णाच्या खड्याला लावली. फरक इतकाच की इतरांना जेथे मूठभर नमुना लागे तेथे त्याचे काम टाचणीच्या टोकावर मावेल इतक्या कणात होई. त्याची प्रयोगशाळा पाहायला आलेल्या एका पाहुण्यापुढे त्याने एक तबक ठेवले, त्यात काही काचेच्या वाट्या, परीक्षेचे कागद, एक छोटा तराजू आणि एक फुंकनळी एवढेच होते, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगितली जाते.

एवढा बारकाईने पाहणारा माणूस डॉक्टर म्हणून मात्र सुखी नव्हता. रुग्णांची काळजी त्याचा पिच्छा सोडत नसे. निदान चुकले तर, औषध लागू पडले नाही तर, या विचाराने तो अस्वस्थ होई. त्यातच लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरची जागा निघाली, तेव्हा निवड दुसऱ्याची झाली. १८०० साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने वैद्यकी सोडली. नातेवाइकांना आणि मित्रांना हा निर्णय पटणे अवघड होते. इतक्या वर्षांचे शिक्षण, नावारूपाला येऊ लागलेला व्यवसाय, हे सगळे सोडून दगड आणि धातू हाताळत बसायचे, हे त्या काळी वेडेपणाचेच वाटणार.

पोट भरण्यासाठी त्याने रसायनशास्त्राचा आधार घेतला. स्मिथसन टेनंट या मित्राबरोबर भागीदारी करून त्याने दक्षिण अमेरिकेतून आलेले प्लॅटिनमचे कच्चे खनिज मोठ्या प्रमाणात विकत घेतले. प्लॅटिनम वितळत नसे आणि ठोकले तर तडकत असे. त्याची बारीक भुकटी दाबून, तापवून, ठोकून भांडी आणि तारा करण्याजोगा धातू कसा मिळवायचा, हे वोलस्टनने शोधले. सल्फ्युरिक आम्ल आटवण्याची मोठी भांडी त्यापासून होऊ लागली आणि त्याला आयुष्यभर पुरेल इतका पैसा मिळाला. कृती मात्र त्याने जवळपास शेवटपर्यंत गुप्त ठेवली.

त्याच खनिजाच्या गाळात त्याला दोन नवी मूलद्रव्ये सापडली: १८०२ मध्ये पॅलेडियम आणि १८०४ मध्ये ऱ्होडियम. पॅलेडियम त्याने विचित्र पद्धतीने जगापुढे आणले. १८०३ मध्ये लंडनच्या एका दुकानात हा नवा धातू विक्रीला ठेवला गेला, पण शोधणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. रिचर्ड चेनेविक्स या रसायनशास्त्रज्ञाने हे मूलद्रव्य नसून प्लॅटिनम आणि पारा यांचे मिश्रण असल्याचे जाहीर केले. मग तसे मिश्रण करून दाखवणाऱ्याला वीस पौंडांचे बक्षीस, तेही निनावीच, जाहीर झाले. ते कोणालाही मिळवता आले नाही. १८०५ मध्ये वोलस्टनने शोध आपला असल्याचे सांगितले. ही लपाछपी त्याच्या सहकाऱ्यांना आवडली नाही आणि त्यांची नाराजी गैरही नव्हती. चूक होण्याची धास्ती असलेल्या या माणसाला पुरती खात्री झाल्याशिवाय नाव पुढे करायचे नव्हते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

या खात्रीच्या शोधातूनच त्याचे खनिजशास्त्रातील सर्वांत मोठे काम झाले. स्फटिक लहान असो, मोठा असो, एका बाजूने दबलेला असो, एकाच खनिजाच्या स्फटिकांत ठरावीक दोन पृष्ठांमधला कोन तोच असतो, हे तोवर माहीत झाले होते. म्हणजे कोन नेमका मोजला की खनिजाची ओळख पटते. पण हा कोन मोजायचे साधन म्हणजे दोन पट्ट्यांची कैची. ती स्फटिकाला टेकवायची आणि अंश वाचायचे. त्यासाठी स्फटिक मोठा हवा आणि अर्ध्या अंशाची चूक सहज होई.

वोलस्टनने १८०९ मध्ये परावर्तन कोनमापक तयार केला. उभ्या चाकावर अंश कोरलेले असतात आणि चाकाच्या आसावर मेणाने छोटासा स्फटिक चिकटवतात. स्फटिकाच्या चकचकीत पृष्ठात खिडकीच्या गजाचे प्रतिबिंब दिसते. ते एका खुणेशी जुळवायचे. मग शेजारच्या पृष्ठात तेच प्रतिबिंब त्याच खुणेशी जुळेपर्यंत चाक फिरवायचे. चाक जितके फिरले त्यावरून दोन पृष्ठांमधला कोन कळतो. यात स्फटिक जितका लहान तितका चांगला, कारण लहान स्फटिकांची पृष्ठे जास्त नितळ असतात. मोठे, महागडे नमुने ज्यांना परवडत नाहीत अशा हौशी संग्राहकांचीही त्यामुळे सोय झाली.

या यंत्राचा फायदा लगेच दिसला. कॅल्साइट, डोलोमाइट आणि लोहयुक्त सिडेराइट यांचे स्फटिक दिसायला इतके सारखे की फ्रान्सचे थोर खनिजशास्त्रज्ञ हाउई यांनी त्यांचा आकार एकच मानला होता. वोलस्टनने १८१२ मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली. कॅल्साइटचा कोन १०५ अंश ५ मिनिटे, डोलोमाइटचा १०६ अंश १५ मिनिटे आणि सिडेराइटचा १०७ अंश. फरक एकेका अंशाचा, पण तीन खनिजे वेगळी आहेत हे त्यावरून स्पष्ट झाले. खनिजे ओळखण्यात डोळ्यांच्या अंदाजाची जागा आकड्याने घेतली.

महाराष्ट्रातल्या हौशी संग्राहकांचा संबंध इथे येतो. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत कॅल्साइट, क्वार्ट्‌झ, अॅपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्युलँडाइट अशी सुंदर खनिजे सापडतात. त्यांतली शेवटची दोन तर एकच मानली जात. १८२२ मध्ये हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज अभ्यासकाने त्यांच्या स्फटिकरूपातील फरक दाखवून ह्युलँडाइट वेगळे काढले. घरच्या घरी प्राथमिक ओळख आजही करता येते. कॅल्साइटवर चाकूने ओरखडा उठतो आणि त्याच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. क्वार्ट्‌झवर चाकू चालत नाही, उलट तेच काचेवर ओरखडा काढते. अॅपोफिलाइट कॅल्साइटसारखे पारदर्शक दिसले तरी थेंबभर आम्लाने फसफसत नाही. खडक फोडताना मात्र डोळ्यांवर चष्मा हवा आणि धूळ नाकात जाता कामा नये. सिलिकाची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते.

वैद्यकी सोडली तरी वोलस्टनने रुग्णांचे खडे सोडले नाहीत. १८१० मध्ये नॉर्विचच्या एका डॉक्टरांकडून आलेला खडा त्याने तपासला. तो आधीच्या कोणत्याच प्रकारात बसेना. आम्लातही विरघळे, अल्कलीतही विरघळे. हा नवाच पदार्थ होता. मूत्राशयात सापडला म्हणून त्याने त्याला सिस्टिक ऑक्साइड म्हटले. पुढे त्याचे सिस्टीन असे नाव रूढ झाले. सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे आणि अगदी सुरुवातीला माहीत झालेल्या अमिनो आम्लांपैकी एक आहे. सिस्टीनचे खडे आनुवंशिक दोषामुळे होतात, बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतात आणि पुन्हा पुन्हा होतात. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सिस्टीनच्या षटकोनी चकत्या आजही निदान पक्के करतात.

स्वतःच्या शरीराकडेही तो त्याच नजरेने पाहत असे. एके दिवशी एका दारावरची पाटी वाचताना त्याला जॉनसन या नावातले फक्त सन एवढेच दिसले. डावीकडचा भाग नाहीसा झाला होता, आणि तोही दोन्ही डोळ्यांना. थोड्या वेळाने नजर पूर्ववत झाली. पुढे अनेक वर्षांनी पुन्हा असा झटका आला. दोन्ही डोळ्यांची अर्धी अर्धी नजर एकदम जाते, त्याअर्थी दोन्ही डोळ्यांतील दृष्टीच्या नसांचे अर्धे धागे मेंदूच्या एकाच बाजूला जात असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्याने १८२४ मध्ये मांडला. तो बरोबर होता. अर्धी नजर गेलेल्या रुग्णाची तपासणी करताना डॉक्टर आजही याच रचनेवरून बिघाडाची जागा शोधतात.

१८२८ मध्ये त्याचा डावा हात बधिर होऊ लागला. आजार मेंदूचा आहे आणि वेळ थोडा आहे, हे त्याने ओळखले. इतकी वर्षे आपल्यापाशी ठेवलेले ज्ञान त्याने आता लिहवून घ्यायला सुरुवात केली. प्लॅटिनमची गुप्त कृती त्या नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटीत वाचली गेली. डिसेंबरमध्ये त्याने खनिजे आणि खडकांच्या संशोधनासाठी जिऑलॉजिकल सोसायटीला एक हजार पौंड दिले. अखेरच्या दिवसांत भोवतालच्या माणसांना वाटले की त्याची शुद्ध हरपली आहे. बोलता येत नव्हते. त्याने खुणेने कागद आणि पेन्सिल मागितली, काही आकडे लिहिले आणि त्यांची बेरीज बरोबर करून दाखवली. २२ डिसेंबर १८२८ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो गेला. शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली.

त्याने दिलेल्या पैशातून सुरू झालेले वोलस्टन पदक १८३१ पासून दिले जाते. आज ते पॅलेडियमचे, म्हणजे त्यानेच शोधलेल्या धातूचे असते. त्याच्या हयातीतच, १८१८ मध्ये, एका खनिजाला वोलस्टनाइट हे नाव मिळाले. ते राजस्थानात खाणीतून काढले जाते आणि चिनी मातीच्या उद्योगात वापरले जाते.

आज मुतखड्याची तपासणी अवरक्त किरणांनी किंवा क्ष-किरणांच्या विवर्तनाने होते. दुसऱ्या पद्धतीत क्ष-किरण कोणत्या कोनात वळतात हे मोजून पदार्थ ओळखतात, म्हणजे पुन्हा कोनच मोजला जातो. ही ओळख उपचाराची दिशा ठरवते. यूरिक आम्लाचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. फॉस्फेटचा एक प्रकार जंतुसंसर्गामुळे होतो, तिथे संसर्ग घालवल्याशिवाय खडा थांबत नाही. सिस्टीनचा असेल तर रात्रीसुद्धा उठून पाणी प्यावे लागते आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. म्हणून पडलेला खडा फेकून देऊ नये. तो धुऊन, कोरडा करून, स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्यावा आणि तो कशाचा आहे हे जरूर तपासून घ्यावे.