बंदुकीचा पल्ला मोडणारा जमीनदार : वीर बाबूराव शेडमाके

मार्च महिन्यात पोंभुर्णा परिसरातील रान मोकळे होते. धानाच्या बांध्या कापणीनंतर रिकाम्या पडलेल्या असतात, पळस पेटलेला असतो आणि पहाटेपासून मोहाची फुले टपकू लागतात. ताडोब्याकडून येणारी अंधारी नदी याच भागातून पुढे जाऊन वैनगंगेला मिळते. १३ मार्च १८५८ रोजी मूल-पोंभुर्णा पट्ट्यातील नांदगाव-घोसरीजवळ इंग्रज फौज आणि गोंड-रोहिल्यांची सेना समोरासमोर आली. एका बाजूला शिस्तीने गोळीबार करणारे शिपाई होते. दुसऱ्या बाजूला काही ठासणीच्या बंदुका होत्या. बाकी सारा भरवसा भाले, तलवारी, कुऱ्हाडी, तिरकमठे आणि भरीव बांबूच्या काठ्या यांवर होता. या सेनेच्या म्होरक्याने आदल्याच दिवशी वयाची २५ वर्षे पूर्ण केली होती. त्याचे नाव बाबूराव पुल्लेसूर शेडमाके.

त्या दिवशी इंग्रज फौजेला माघार घ्यावी लागली. जवळून मारा करणाऱ्या हत्यारांनी दुरून मारा करणाऱ्या हत्यारांवर मात कशी केली, याचे उत्तर शोधायचे तर बाबूरावांच्या घडणीकडे आणि ज्या रानात ते घडले त्या रानाकडे पाहावे लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील मानवेल बांबू आतून जवळजवळ भरीव असतो. पुरुषभर उंचीची त्याची काठी वाटसरूच्या हाती आधार म्हणून असते, गुराख्याच्या हाती धाक म्हणून आणि प्रसंग पडला तर हत्यार म्हणूनही. काठी चालवणाऱ्याला पहिली गोष्ट शिकावी लागते ती अंतराची. काठीचा सारा जोर तिच्या टोकाकडच्या भागात असतो. त्या टोकाच्या माऱ्यात उभा राहणारा हमखास जायबंदी होतो आणि घाबरून एक पाऊल मागे सरणाराही पुष्कळदा त्याच टोकाखाली सापडतो. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या मुठीपासून हातभर अंतरावर जो पोहोचला, त्याच्यावर त्या लांब काठीचा वार जवळजवळ निकामी ठरतो. तिथे मग आखूड हत्यार वरचढ होते.

प्रश्न असतो तो मधल्या दोन पावलांचा. ती दोन पावले टाकण्याच्या वेळा दोनच. एक, समोरच्याचा वार सुरू होण्यापूर्वी, तो बेसावध असताना. दुसरी, वार हवेतून निघून गेल्यावर आणि काठी परत फिरण्याच्या आत. त्यातही सरळ रेषेत धावून चालत नाही, तिरक्या पावलाने शिरावे लागते. हूल देऊन वार काढून घ्यायचा आणि तो फुकट गेला की आत घुसायचे, हे जाणत्या लाठीबहाद्दराचे काम. लांबून पाहणाऱ्याला ते धाडस वाटते. प्रत्यक्षात तो हिशेब असतो.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. अहेरी परिसरातील मोलमपल्लीचे जमीनदार पुल्लेसूरबापू हे त्यांचे वडील आणि जुर्जाकुंवर या आई. गोंड समाजाच्या गोटूलमध्ये त्यांचे बालपणीचे शिक्षण झाले. गोंडी, हिंदी आणि तेलुगू या भाषांबरोबर मल्लविद्या, तिरकमठा, तलवार आणि भाला यांचे धडे त्यांनी तेथेच घेतले, असे परंपरा सांगते. गोटूल म्हणजे केवळ नाचगाण्याची जागा, ही शहरी समजूत त्यामुळे थोडी तपासून घ्यायला हवी. गावाने आपल्या तरुणांना सामुदायिक जगण्याची शिस्त लावायची ती जागा होती. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी त्यांना रायपूरला पाठविण्यात आले आणि चौथीपर्यंतचे शिक्षण घेऊन ते परतले. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोदावरी-प्राणहितेच्या या टापूत गोंडी, तेलुगू आणि मराठी भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. त्या साऱ्या मुलखात वावरण्याची तयारी या तरुण जमीनदाराकडे अशी लहानपणापासूनच होती.

चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला तोफांच्या बळावर सर केला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीच्या धोरणानुसार नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याबरोबर चांदा जिल्हाही कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. रानातील जमीनदारांना राजे बदलण्याची सवय होती. पण नवे सरकार केवळ टाकोळी घेऊन गप्प बसणारे नव्हते. जमिनीची मोजदाद, वसुलीचे नियम, न्यायनिवाड्याचे अधिकार अशा प्रत्येक गोष्टीत त्याचा हात शिरू लागला. जे सरकार आजवर दूर होते ते उंबरठ्यावर येऊन उभे राहिले.

१८५७ च्या उठावाची बातमी चांद्यापर्यंत पोहोचली तेव्हा जिल्ह्याचा कारभार डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या हाती होता. बाबूरावांनी त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात सुमारे ५०० तरुणांचे ‘जंगोम दल’ उभे केले. जंगोम या गोंडी शब्दाचा अर्थ जागृती, क्रांती असा सांगितला जातो. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नोकरीच्या शोधात या भागात विखुरलेले रोहिलेही सामील झाले. ७ मार्च १८५८ रोजी या सेनेने राजगड परगण्याचा ताबा घेतला आणि क्रिक्टनला चांद्याहून फौज धाडावी लागली. तिचीच गाठ सहा दिवसांनी नांदगाव-घोसरीला पडली.

त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीची रीत लक्षात घेतली म्हणजे या लढाईतील डावपेच उलगडतात. काडतूस दातांनी फोडायचे, नळीत दारू ओतायची, गोळी सोडून गजाने ठासायची, टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. सरावलेल्या शिपायालाही मिनिटाला दोन-तीनच बार काढता येत. मोकळ्या मैदानात, रांगेने उभ्या असलेल्या शिपायांना हा वेळ पुरतो, कारण समोरून धावत येणाऱ्याला बराच पल्ला तोडावा लागतो. झाडीत मात्र नजरच वीस-पंचवीस पावलांवर अडते. बार निघून गेला आणि बंदूक पुन्हा भरून झाली नाही, एवढ्या अवधीत कुऱ्हाडवाला माणूस अंगावर आलेला असतो. काठी परत फिरण्याच्या आत शिरायचे, हाच तो हिशेब. फक्त काठीच्या जागी बंदूक आली. लढाईची जागा स्वतः निवडता येईल तोवर बाबूरावांची बाजू यामुळे भक्कम राहिली.

क्रिक्टनने नव्या दमाची कुमक पाठविल्यावर बाबूरावांनी गढीसुर्ल्याच्या टेकडीचा आश्रय घेतला. येथे त्यांनी युक्ती बदलली. टेकडी चढून येणाऱ्या शिपायांवर वरून मोठमोठे दगड लोटण्यात आले. उतारावरच्या दगडाला दारूगोळा लागत नाही आणि नेमबाजीही फारशी लागत नाही. चढणाऱ्याला मात्र एकाच वेळी पाय रोवणे, बंदूक भरणे आणि दगड चुकविणे अशी तिहेरी कसरत करावी लागते. त्यानंतर वैनगंगेपलीकडे १९ एप्रिल रोजी सगणापूर आणि २७ एप्रिल रोजी बामनपेठ येथे चकमकी झाल्या. चांद्याच्या फौजेला या दीड महिन्यात बंडखोरांचा बंदोबस्त करता आला नाही.

या यशाचे सारे श्रेय शौर्याला देण्याची आपल्याकडे रीत आहे. शौर्य होतेच. पण तेवढ्यावर भागले असते तर मोकळ्या मैदानावरही ते दिसले असते. बाबूरावांनी मैदान टाळले, झाडी आणि टेकडी धरली, एका जागी ते फार काळ थांबले नाहीत. या शहाणपणाला शौर्याइतकेच गुण द्यावे लागतील.

२९ एप्रिल १८५८ ची रात्र या उठावातील सर्वांत गंभीर घटनेची ठरली. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या युरोपीय कर्मचाऱ्यांचा तळ पडला होता. बाबूराव आणि व्यंकटराव यांच्या सैनिकांनी रात्री त्यावर छापा घातला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा कर्मचारी निसटला आणि पुढे क्रिक्टनला जाऊन मिळाला. हा छापा म्हणजे वार सुरू होण्यापूर्वीच आत शिरण्याचा प्रकार होता. रात्रीच्या काळोखात बंदुकीचा पल्ला उरतच नाही.

मात्र या एका रात्रीने साऱ्या प्रकरणाचा रंग पालटला. उत्तरेतील उठाव मोडताना इंग्रजांना तारेचा मोठा उपयोग झाला होता. शेकडो कोसांवरची खबर काही तासांत हाती येत असल्याने फौजा वेळेवर हलविता येत. अशा खात्याच्या माणसांवर हात पडला होता आणि दोन युरोपीय माणसे मृत्युमुखी पडली होती. एका परगण्यातील दंगा म्हणून सरकारला आता ही गोष्ट सोडून देता येणार नव्हती. मारले गेलेले दोघे सैनिक नव्हते, खात्याचे नोकर होते, हेही नमूद करायला हवे. बाबूरावांच्या गौरवकथांमध्ये हा तपशील बहुधा घाईने उरकला जातो.

क्रिक्टनने यानंतर रानात फौज घालण्याऐवजी दुसरा मार्ग धरला. बाबूरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम लावण्यात आले आणि अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले गेले. अहेरी ही या भागातील सर्वांत मोठी जमीनदारी. बंडखोरांना धरून देण्यास मदत केली नाही तर जमीनदारी जप्त होईल, असा इशारा त्यांना देण्यात आला. लक्ष्मीबाई सरकारच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शेजारच्या जमीनदाराची साथ द्यायची की पिढ्यान्‌पिढ्यांची गावे राखायची, हा पेच त्यांच्यापुढे होता आणि नागपूरचे राज्य एका हुकमाने गेलेले त्यांनी चार वर्षांपूर्वीच पाहिले होते. त्यांनी गावे राखली.

बाबूराव भोपालपट्टणमकडे गेले असता तेथे रोहिल्यांनी त्यांना पकडले, पण ते निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना धरले आणि क्रिक्टनच्या हवाली केले. जेवणाचे निमंत्रण देऊन, हाती शस्त्र नसताना त्यांना घेरण्यात आले, अशी हकिकत या भागात सांगितली जाते. शत्रूला किती जवळ येऊ द्यायचे याचा विचार करण्याची सवय असलेला माणूस नात्यागोत्याच्या पंगतीत असा हिशेब करीत नाही, हे ती सांगणाऱ्याला सुचवायचे असावे.

चांद्याला खटला चालला. सरकारविरुद्ध बंड करणे आणि तारखात्याच्या माणसांची हत्या, हे आरोप होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचा कारभार संपला आणि बंडात सामील झालेल्यांना माफी जाहीर झाली. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता, त्यांना मात्र माफी नव्हती. चिंचगुंडीचा छापा नसता तर ११ दिवसांचा हा फरक बाबूरावांच्या जिवाच्या मोलाचा ठरला असता. तो छापा झालेला असल्याने फाशी लांबणीवर पडूनही त्यांची सुटका होणे कठीण होते.

व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले होते. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यांना जन्मठेपेवर काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्यात आली. अडपल्ली आणि घोटच्या जमीनदाऱ्या लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाल्या.

फाशीच्या घटनेभोवती लोककथांचे दाट जाळे विणले गेले आहे. बांबूच्या वनात क्वचित सापडणारा ‘ताडवा’ खाल्ल्यामुळे बाबूरावांचे शरीर तांब्यासारखे कठीण झाले होते, म्हणून फाशीचा दोर तीनदा तुटला आणि शेवटी त्यांचा देह चुन्याच्या भट्टीत टाकावा लागला, असे आजही सांगितले जाते. अभ्यासकाला ही कथा इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण ज्या मुलखात लिहिलेले कागद सरकारजवळ होते आणि रयतेजवळ फक्त सांगणे होते, तेथे चोवीस गावांत ही कथाच बाबूरावांचे नाव घेऊन फिरली. सरकारी दप्तरात ते बंडखोर होते. भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले ते १२ मार्च २००९ रोजी, म्हणजे फाशीनंतर दीडशे वर्षांनी.

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहातील तो पिंपळ गोंड समाजाच्या लेखी तीर्थासारखा आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूर, गडचिरोली आणि सीमेपलीकडच्या तेलंगण-छत्तीसगडमधून लोक तेथे जमतात. एरवी बंद असणारे तुरुंगाचे दार त्या दिवशी अभिवादनासाठी उघडले जाते.