बेळगावचे सायकलवाले किर्लोस्कर

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आमच्याकडे विद्यार्थ्यांचे पालक येतात आणि मुलाला नोकरीस लावावे की धंद्यात घालावे, असा सल्ला विचारतात. बहुतेक पालकांनी उत्तर घरूनच ठरवून आणलेले असते. आमच्याकडून त्यांना केवळ दुजोरा हवा असतो. अशा वेळी आम्हांस आमच्याच गावच्या एका सायकलच्या दुकानाची आठवण होते. ते दुकान आता नाही. त्याचे मालक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव मात्र पंप, एंजिने आणि नांगर यांच्यामुळे देशभर ठाऊक आहे. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी थोडे सावकाश वाचावे असे आम्हांस वाटते. कारण घाईने सांगितले की ते एका हट्टी माणसाच्या एकाकी पराक्रमाची गोष्ट बनते, आणि तसे ते मुळीच नाही.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे व याच घराण्यातले. एका लहानशा गावाने मराठी माणसाला रंगभूमी व यंत्रभूमी या दोहोंचे आरंभ द्यावेत, ही गोष्ट आमच्या सीमाभागाला खचितच भूषणावह आहे. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने विद्येच्या रूढ मार्गाने जावे ही त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु मुलाचे मन पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांकडे पाहून मान हलविणाऱ्या आम्हां शिक्षकांनी या गोष्टीची नोंद घेतली तर बरे होईल.

1885 साली, वडिलांची इच्छा डावलून, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. खर्चाचा प्रश्न थोरले बंधू रामूअण्णा यांनी सोडविला. या रामूअण्णांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पुढील सबंध कथेत ते कधी पुढे तर कधी मागे, पण सतत उभे आहेत. चित्रकलेचे शिक्षण चालू असतानाच लक्ष्मणरावांच्या डोळ्यांत दोष आढळला; काही रंगांतील भेद त्यांना ओळखू येत नसे. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंगकाम सोडले, पण हातातली पेन्सिल मात्र सोडली नाही. यंत्रांची आकृती काढण्यास रंग लागत नाहीत, रेषा लागतात. ते यांत्रिक आरेखन शिकले, आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविण्याची नोकरी त्यांना मिळाली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिक्षकाचे काम तास संपला की संपते, असे त्यांनी मानले नाही. संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन ते स्वतः यंत्रांवर हात चालवू लागले. भट्टी, लेथ, कानस यांची ओळख त्यांना पुस्तकातून झाली नाही, ती हाताला घट्टे पडून झाली. नोकरी करणाऱ्या तरुणाला धंदा शिकण्याची एवढी चांगली आणि एवढी स्वस्त शाळा दुसरी नाही. पगार मिळत असतो, चूक झाली तर तिचे नुकसान आपल्या भांडवलावर पडत नाही, आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारता येतात.

त्याच सुमारास मुंबईत सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणरावांनी त्याचा व्यापार मनावर घेतला. ते मुंबईत सायकली विकत घेत व बेळगावास रामूअण्णांकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाचा हा आरंभ 1888 सालचा. त्या काळी सायकल ही श्रीमंताची चैन होती. एकेकीची किंमत शेकड्यांत जाई. आजच्या वाचकाला दुकान म्हटले की काचेची कपाटे आठवतील, पण या दुकानात खरा माल दोन प्रकारचा होता. एक सायकल, आणि दुसरा ती चालविण्याचे शिक्षण. ज्याला तोल सावरता येत नाही तो सायकल कशासाठी घेईल? म्हणून गिऱ्हाइकाला आधी बसायला शिकवायचे, मग विकायचे, आणि मोडली की दुरुस्त करून द्यायची. नव्या वस्तूचा व्यापार करणाऱ्याला गिऱ्हाईक आयते मिळत नाही, ते घडवावे लागते, हा धडा दोघा भावांनी येथे गिरविला. पुढे नांगराच्या वेळी तोच धडा त्यांना पुन्हा, अधिक कठीण स्वरूपात, गिरवावा लागला.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांचा बढतीचा हक्क होता. ती जागा त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थांस मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. चरित्रकार या प्रसंगाचे वर्णन स्वाभिमानाचा स्फोट म्हणून करतात, आणि त्यात असत्य नाही. परंतु आम्हांस दुसरीही बाजू दिसते. राजीनामा देणाऱ्या माणसाच्या पाठीशी बेळगावात चालू स्थितीतले एक दुकान होते, विश्वासू भाऊ होता, आणि दहाएक वर्षांत कमावलेली यंत्रविद्या होती. रिकाम्या हाताने रागाच्या भरात नोकरी सोडणे निराळे, आणि दुसरे पाऊल टेकायला जागा तयार असताना पहिले उचलणे निराळे. विद्यार्थ्यांनी हा भेद विसरू नये.

सायकलींच्या दुकानाच्या जोडीला आता लहानसा कारखाना आला. पहिली वस्तू निघाली ती कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा अखंड कडबा टाकला तर जनावरे पाने खातात आणि ताटे तुडवून वाया घालवितात. बारीक कापून घातला तर बराचसा पोटात जातो. दुष्काळाची धास्ती नित्य बाळगणाऱ्या या मुलखात ही बचत शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नव्हती. लक्ष्मणरावांनी परदेशी यंत्र पाहून आपल्याकडील बैलांना, कडब्याला व खिशाला सोसेल असे यंत्र बनविले. नंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगराचे काम मात्र वेगळे निघाले. देशी लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलथीत नाही. काळ्या जमिनीत खोलवर रुजलेली हरळी व कुंदा त्याला दाद देत नाहीत. मोठे नांगर ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागतात. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा मातीची वडी कापून ती पालथी करतो, त्यामुळे तणाची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. लाभ इतका उघड असूनही नांगर खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते व ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

दोन वर्षे! हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. मजुरांचा पगार दर आठवड्याला द्यावा लागतो, लोखंड रोखीने आणावे लागते, आणि तयार माल अंगणात गंजत पडलेला असतो. अशा वेळी कारखाना कशावर जगतो? तो जगतो ज्याचे गिऱ्हाईक आधीच आहे अशा दुसऱ्या मालावर. सायकली व कडबा कापण्याची यंत्रे नसती तर नांगर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचलाच नसता, असे आमचे मत आहे. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणविणेही आम्हांस मान्य नाही. ज्याची एकच जमीन आहे आणि एकच पावसाळा आहे, त्याने अनोळखी माणसाच्या शब्दावर ती पणाला का लावावी? शेजाऱ्याच्या शेतात पीक डोलताना दिसले की तो आपल्या पायांनी चालत येतो. पुढे तसेच झाले.

नांगराला दिवस बरे येऊ लागले न लागले तोच जागेचे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे कारखाना आहे तेथे ठेवणे अशक्य झाले. यंत्रे, भट्टी आणि माणसे घेऊन जावे कोठे? बेळगावकर या नात्याने आम्हांस हा भाग लिहिताना संकोच वाटतो. किर्लोस्कर आमचे म्हणून आम्ही अभिमान मिरवितो. पण त्यांचा कारखाना आमच्या गावाला टिकविता आला नाही, हेही तेवढेच खरे आहे.

या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. स्वतः उत्तम चित्रकार व सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते असलेल्या या राजाला गुणांची पारख होती. त्यांनी आपल्या संस्थानातील बांधकाम लक्ष्मणरावांवर सोपविले, पुढे दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जमीन कारखान्यासाठी दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. नागांची वस्ती आणि पाण्याची वानवा. 1910 साली पंचवीसएक कामगार व त्यांची बिऱ्हाडे तेथे उतरली. ज्याला आपण आज किर्लोस्करवाडी म्हणतो ती अशी वसली.

त्या वसाहतीतील माणसे कोण होती हे पाहण्यासारखे आहे. वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहणारे रामूअण्णा होते. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकर सांभाळीत. पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी होते. हिशेब व पत्रव्यवहार मंगेशराव रेग्यांकडे होता. आमच्या कोंकणी कानाला हे आडनाव अगदी शेजारघरचे वाटते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे काम करता करता अभियंते झाले. आणि रात्रीची राखण तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांच्याकडे होती. या दोघांच्या नावावर पूर्वी दरोडेखोरीचा शिक्का बसलेला होता. जग ज्यांना चोर म्हणत होते त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या किल्ल्या दिल्या. त्यांनी तो विश्वास राखला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यासही बंदी होती, आणि ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, हे ध्यानात घ्यावे. माणसे निवडण्याची ही हातोटी आम्हांस त्यांच्या नांगरापेक्षाही मोठी वाटते. एकट्या लक्ष्मणरावांच्या चित्राला आम्ही आरंभी जो आक्षेप घेतला तो याचसाठी.

पहिले महायुद्ध सुरू झाले तसे परदेशी लोखंड व कोळसा येणे दुरापास्त झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्या वेळी गडावरील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. त्यानंतरची वाढ वेगाने झाली. तिचा पाल्हाळ येथे नको. 1920 साली मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याची वार्ता देणाऱ्या त्या पत्रकातून पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक उभे राहिले; 'स्त्री' व 'मनोहर' ही त्याची भावंडे. शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पाण्याचे पंप असा माल एकामागून एक निघू लागला. पुत्र शंतनुराव 1926 साली अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून परतले आणि कारभारात शिरले. हरिहर, बंगळूर, पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले.

1948 च्या आरंभी, महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. 26 सप्टेंबर 1956 रोजी ते निवर्तले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने जाताना सांगली मागे पडल्यावर हे स्थानक लागते. एके काळी त्याच्या पाटीवर कुंडल रोड असे लिहिलेले असे. आता तेथे किर्लोस्करवाडी असे नाव आहे. पुढील वर्षी आमच्या वर्गाची सहल त्याच मार्गाने जावी, असे आम्ही मुख्याध्यापकांना सुचविले आहे.