कलामंदिरातील तपस्वी : रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

कोणतीही संस्था उभी राहते ती दोन प्रकारच्या दानांवर. पहिले दान धनाचे. ते देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते आणि ते योग्यच आहे. दुसरे दान आयुष्याचे. ते देणारा माणूस रोज वेळेवर येतो, नेमून दिलेले काम मनोभावे करतो आणि संध्याकाळी घरी जातो. वर्षे लोटतात, केस पांढरे होतात, एके दिवशी निवृत्तीचा कागद हाती पडतो. या दुसऱ्या दानाची पाटी सहसा कोठे लागत नाही. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी देणगीदारांचे ऋण मान्य करीत असतानाच, आयुष्य वाहणाऱ्या अशा एका थोर पुरुषाचे स्मरण करावे, या हेतूने हा अल्पसा लेखनप्रपंच आहे. हे सत्पुरुष म्हणजे थोर चित्रकार आणि कलाशिक्षक रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधर आपल्या समाजाचे नव्हते, आपल्या तालुक्याचेही नव्हते. तरीही त्यांचे आपल्याशी नाते नाही, असे म्हणता येणार नाही. डोळखांब, शहापूर, मुरबाड या डोंगराळ भागातील शाळांतून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. या शिक्षणक्रमाचे मूळ मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत आहे. आसनगावला गाडीत बसून मुंबईला शेवटच्या स्थानकावर उतरावे, तेथून थोडे चालत गेले की वृक्षांच्या सावलीतील ती जुनी दगडी वास्तू दिसते. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. त्या देणगीला ज्यांनी आपल्या परिश्रमांनी अर्थ प्राप्त करून दिला, त्यांत धुरंधर अग्रणी होते.

महादेवराव धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. बालपण व शालेय शिक्षण करवीरनगरीतच झाले. चित्रे काढण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. मात्र त्या काळी चित्रकला हा पोटापाण्याचा उद्योग होऊ शकेल, असे फारसे कोणाला वाटत नसे. मुलाने मॅट्रिक व्हावे, सरकारी नोकरी धरावी, हाच सुशिक्षित घरांतील सरळ मार्ग होता. अशा काळात कोल्हापूरचेच आबालाल रहिमान हे जे. जे. स्कूलमध्ये शिकून नावलौकिक मिळवून परतले होते. आपल्याच गावचा एक माणूस त्या वाटेने जाऊन आला आहे, हे उदाहरण तरुण महादेवरावांच्या डोळ्यांसमोर होते. गावातील एकाने वाट चोखाळली की दुसऱ्याचे पाऊल आपोआप उचलले जाते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

१८९० च्या प्रारंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षात, धुरंधरांनी जे. जे. स्कूलमध्ये प्रवेश घेतला. तेव्हा शाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणारे हेच ते ग्रिफिथ्स. शाळेतील शिक्षण कठोर होते. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून अभ्यास करावयाचा, छायाप्रकाश ओळखावयाचा, यथार्थदर्शनाचे नियम आत्मसात करावयाचे आणि मग समोर बसविलेल्या जिवंत माणसावरून चित्र काढावयाचे. हात बसल्यावाचून रंगाला स्पर्श नाही, अशी ती शिस्त होती. धुरंधरांनी ती शिस्त ओझे म्हणून सोसली नाही, तर व्रत म्हणून स्वीकारली. थोड्याच वर्षांत त्यांचे नाव शाळेबाहेरही घेतले जाऊ लागले. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून युरोपीय चित्रकारांचा वरचष्मा असे. त्याच सोसायटीचे सुवर्णपदक १८९५ साली या मराठी तरुणाने पटकाविले.

एवढे यश मिळाल्यावर स्वतंत्र व्यवसाय थाटून संस्थानिकांची व धनिकांची व्यक्तिचित्रे करीत सुखाने राहणे त्यांना शक्य होते. राजा रविवर्मा यांची कीर्ती त्या वेळी देशभर पसरलेली होती. चित्रकलेत धनही आहे आणि मानही आहे, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झालेच होते. धुरंधरांनी मात्र ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. पुढील संपूर्ण सेवाकाळ त्यांनी तेथेच व्यतीत केला. बाहेरची कामेही त्यांनी विपुल केली, परंतु ती शाळेची वेळ सांभाळून.

याच सुमारास त्यांच्यावर मोठा आघात झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ शिरली. घरेच्या घरे ओस पडली. लोक मिळेल त्या वाहनाने गावाकडे पळू लागले. या साथीने धुरंधरांच्या प्रथम पत्नी बापूबाई यांना हिरावून नेले. संसार नुकता फुलू लागला असतानाच घर रिकामे झाले. अशा दुःखाने माणूस एक तर मोडून पडतो किंवा कामात स्वतःला गाडून घेतो. धुरंधरांनी दुसरा मार्ग धरला. कालांतराने त्यांचा द्वितीय विवाह गंगूबाई यांच्याशी झाला व संसार पुन्हा सावरला. त्यांच्या चित्रांतून घरकाम करणारी, देवपूजेला निघालेली, मुलाला कडेवर घेतलेली स्त्री वारंवार दिसते. तिच्या चेहऱ्यावरील शांत, सोज्ज्वळ भाव पाहताना, घर म्हणजे काय हे गमावून कळलेल्या माणसाचा हा हात आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शिक्षक म्हणून त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांचे रेखाटनावरील प्रभुत्व. रेखाटनवही त्यांची नित्याची सोबती होती. बाजार, देऊळ, लग्नमंडप, रेल्वेचा डबा, बंदर, जत्रा या सर्व ठिकाणी त्यांची पेन्सिल चालू असे. माणूस कसा उभा राहतो, डोक्यावर ओझे असले की कंबर कोठे झुकते, नऊवारीचा काष्टा आणि गुजराती पदर यांच्या चुण्या कशा वेगळ्या पडतात, याचे ज्ञान त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष निरीक्षणातून मिळविले. स्वतः रोज सराव करणाऱ्या गुरूला शिष्यांना सरावाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. सावळाराम हळदणकर यांच्यासारखे पुढे कीर्तिमान झालेले चित्रकार याच काळात जे. जे. मधून शिकून बाहेर पडले. किती तरी विद्यार्थी गावोगावच्या शाळांत चित्रकला शिक्षक झाले. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, पण फळ्यावर खडूने काढलेल्या त्यांच्या रेषेतून तीच परंपरा खेड्यापाड्यांत पोहोचली.

त्यांच्या कलाकृतींचा विस्तार पाहून मन थक्क होते. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग, शिवराज्याभिषेकासारखे भव्य देखावे, व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, पुस्तकांची सजावट, जाहिराती, मुंबईतील जीवनावरील पोस्टकार्डे अशा सर्व क्षेत्रांत त्यांनी संचार केला. एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील १९१२ सालचे पुस्तक, आपल्या व्रतवैकल्यांच्या कहाण्यांचे सी. ए. किंकेड यांनी १९१४ साली इंग्रजीत आणलेले पुस्तक, आणि भारतातील विविध प्रांतांच्या व जातिजमातींच्या स्त्रियांवर ऑटो रॉथफेल्ड यांनी लिहिलेले १९२० सालचे पुस्तक धुरंधरांच्या चित्रांनी सजले. यांपैकी शेवटच्या पुस्तकात त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. शंभर वर्षांपूर्वी कोण कसे लुगडे नेसत असे, कोणते अलंकार घालीत असे, हे पाहावयाचे तर आजही अभ्यासकांना या चित्रांकडे वळावे लागते. औंधचे कलाप्रेमी अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही त्यांच्या कलेची कदर केली. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात धुरंधरांच्या कलाकृती पाहावयास मिळतात.

१९२७ साली सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. नवी दिल्लीत नव्या राजधानीच्या इमारती उभ्या राहत होत्या. तेथील सचिवालयातील भित्तिचित्रांचे काम १९२८-२९ च्या सुमारास मुंबईच्या कलावंतांकडे आले, तेव्हा साठी ओलांडलेल्या धुरंधरांनी न्यायदानाचे प्रसंग रंगविण्याची जबाबदारी पार पाडली. परंतु एक गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे. एवढी योग्यता असूनही शाळेच्या सर्वोच्च स्थानी वर्षानुवर्षे इंग्रज अधिकारीच येत राहिले. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, बर्न्स गेले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. धुरंधर मात्र त्यांच्या हाताखाली निष्ठेने काम करीत राहिले. अखेर १९३० मध्ये, निवृत्ती अगदी उंबरठ्यावर असताना, शाळेचे संचालकपद काही काळ त्यांच्याकडे आले आणि त्या आसनावर प्रथमच एक भारतीय बसला. हा मान उशिरा आला व थोडाच काळ टिकला. १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकल्यापासून तोवर एक्केचाळीस वर्षे झाली होती. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नावही तेच दिले, ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’. हा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या आयुष्याच्या कथेला स्वतःचे नाव न देता संस्थेतील सेवेचे नाव द्यावे, यातच त्यांचे सारे मन प्रकट होते.

१ जून १९४४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर काळाचा प्रवाह फिरला. बंगालमधील पुनरुज्जीवनवादी कलावंतांचे समर्थक मुंबईच्या वास्तवदर्शी शैलीला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून पूर्वीपासूनच हिणवीत आले होते. स्वातंत्र्यानंतर आधुनिक चित्रकलेची लाट आली आणि धुरंधरांची चित्रे जुनी ठरली. ही टीका सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येणार नाही. त्यांचे तंत्र पश्चिमेकडून आलेले होते, हे खरेच आहे. परंतु त्या तंत्राने त्यांनी रंगविले ते आपले अंगण, आपले सण आणि आपली माणसे, हेही तितकेच खरे.

विस्मृतीच्या त्या काळात त्यांच्या ठेव्याचे रक्षण केले ते त्यांच्या कन्येने. १९१२ साली जन्मलेल्या अंबिकाबाई धुरंधर यांनी वडिलांच्याच शाळेत कलाशिक्षण घेतले, स्वतः चित्रकर्ती म्हणून नाव मिळविले आणि २००९ साली निधन होईपर्यंतच्या दीर्घ आयुष्यात पित्याची चित्रे, रेखाटने व स्मृती जिवापाड जपली. त्या जपणुकीचे फळ पुढे दिसले. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीने त्यांना पुन्हा ओळखले.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे हा संस्थेच्या जीवनातील मोठा टप्पा आहे. या वाटचालीत सकाळी दार उघडणारे, हिशेब चोख ठेवणारे, पाहुण्यांच्या पंगतीत शेवटी जेवणारे, पद न मागता राबणारे किती तरी हात असतील. त्यांच्या पाट्या लागलेल्या नसतील. धुरंधरांचे चरित्र आपल्याला एवढेच शिकविते, की संस्थेत मिळालेले पद थोड्या दिवसांचे असते, पण संस्थेत ओतलेले आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते, मात्र ते जपणारे कोणी तरी मागे असावे लागते. आपण ते जपणारे होऊ या. एक्केचाळीस वर्षे एकाच मंदिरात सेवा करणाऱ्या या तपस्व्याच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.