अबू झैद काशानी
अबू झैद काशानी हे १२व्या–१३व्या शतकांतील इराणी कुंभार व चित्रकार होते. त्यांचे काशान शहर झिलईदार मृत्पात्रांसाठी प्रसिद्ध होते. भाजलेल्या पांढऱ्या झिलईवर चांदी-तांब्याच्या संयुगांनी नक्षी रंगवून, भट्टीतील हवा कमी करून भांडे पुन्हा भाजले की सोनेरी चकाकी येते. या तंत्रात, तसेच बहुरंगी मीनाई शैलीत, ते निष्णात होते. त्या काळचे बहुतेक कारागीर अनामिक राहिले. अबू झैद यांचे जीवन मात्र ११८६ ते १२१९ या काळातील त्यांच्या स्वाक्षरीयुक्त कृतींमधून उलगडते. मुहम्मद इब्न अबी ताहिर यांच्यासह त्यांनी कोम व मशहद येथील दर्ग्यांसाठी फरशा घडवल्या. त्यांच्या अखेरच्या दिनांकित कृतीनंतर वर्षभरातच मंगोल फौजा इराणमध्ये शिरल्या.