रोजच्या व्यायामाचा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

व्यायाम सुरू करणं सोपं असतं, कठीण जातं ते रोज करत राहणं. नवीन वर्षाला जिमची फी भरली जाते, बूट घेतले जातात आणि पंधरा दिवसांनी घरात पाहुणे येतात. मग मुलांच्या परीक्षा लागतात, ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागतं. आठवडाभर खंड पडतो आणि त्या आठवड्याचा महिना कधी होतो ते कळतही नाही.

शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थानाच्या राजाने हाच प्रश्न स्वतःपुरता सोडवला. पुढे त्याने तो आपल्या घरासाठी, शाळांसाठी आणि शेवटी सातासमुद्रापलीकडच्या वाचकांसाठीही सोडवून दाखवला. हा राजा म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. आज जगभर जो सूर्यनमस्कार घातला जातो, तो घराघरांत पोहोचवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव वरचं आहे.

कोण होते बाळासाहेब?

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 रोजी झाला. पंतप्रतिनिधी हे मराठेशाहीतलं मानाचं पद होतं आणि त्याच घराण्याकडे औंध संस्थान होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. गावाशेजारच्या डोंगरावर घराण्याची कुलदेवता यमाई हिचं देऊळ आहे.

बाळासाहेब मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. ते उत्तम चित्रं काढत आणि कीर्तनही करत. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा त्यांनी त्या कामाला मोठी मदत केली. 1935 साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधचं श्रीभवानी संग्रहालय ही त्यांचीच देणगी.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की रोजच्या व्यायामासाठी वेळ मिळत नाही असं म्हणायचा अधिकार कोणाला असेल, तर तो या माणसाला होता.

आधी सँडो, मग सूर्यनमस्कार

बाळासाहेबांची व्यायामाची सुरुवात सूर्यनमस्काराने झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या युरोपियन पहिलवानाचा जगभर बोलबाला होता. पिळदार शरीराचे फोटो, डंबेल्स आणि घरी करायच्या व्यायामाची पुस्तकं यांची ती लाट भारतातही आली होती. 1897 मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाळासाहेबांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली. पुढची सुमारे दहा वर्षं त्यांनी त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला.

दहा वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नाही. तरीही 1908 च्या सुमारास त्यांनी ही पद्धत सोडली. मिरजेच्या संस्थानिकांशी त्यांचा स्नेह होता आणि सूर्यनमस्कार घालण्याचा सल्ला त्यांच्याकडूनच आला.

नमस्कार महाराष्ट्राला नवीन नव्हते. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरेने सांगितलं जातं. तालमींमध्ये नमस्कार होते आणि घरातल्या उपासनेतही होते. त्यामुळे बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार शोधून काढला असं म्हणणं बरोबर नाही. त्यांनी केलं ते वेगळं. जे लोक व्रत म्हणून किंवा पहिलवानी म्हणून करत होते, ते त्यांनी सर्वसामान्य माणसाच्या रोजच्या व्यायामाच्या रूपात नीट बसवलं. स्थिती ठरवल्या, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा ते ठरवलं, संख्या कशी वाढवायची तेही सांगितलं. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. आज बारा स्थितींची पद्धत अनेकांच्या परिचयाची आहे.

एका ठिकाणी नसलेलं राज्य

1909 मध्ये ब्रिटिश सरकारने बाळासाहेबांच्या पुतण्याला गादीवरून दूर केलं आणि औंधचा कारभार बाळासाहेबांकडे आला. तेव्हा ते 41 वर्षांचे होते. नमस्कार सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं आणि अंगावर संस्थान येऊन पडलं होतं.

औंधचं राज्य तसं लहान, 72 गावांचं. पण ते सलग नव्हतं. औंधचा भाग साताऱ्याकडे, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा भाग थेट विजापूरकडे. मधे दुसऱ्यांचा मुलूख. अशा विखुरलेल्या राज्याचा कारभार म्हणजे प्रवास आलाच.

इथे सँडोची पद्धत आणि सूर्यनमस्कार यांतला फरक लक्षात येतो. डंबेल्स सोबत न्यावी लागतात, नमस्काराला काहीच न्यावं लागत नाही. माणूस आडवा होईल एवढी जागा मिळाली की झालं. मग तो वाडा असो, मुक्कामाचा बंगला असो की परक्या गावातली खोली. प्रवासात व्यायाम मोडतो, तो बहुतेक वेळा साधनं, जागा किंवा वेळापत्रक बदलल्यामुळे. जो व्यायाम या तिन्हींवर कमीत कमी अवलंबून असतो, तोच टिकतो.

सवय टिकली कशी?

बाळासाहेबांच्या पद्धतीत सवय टिकवणाऱ्या काही गोष्टी मुळातच होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. नमस्कार सकाळी, रिकाम्या पोटी घालायचे. दिवसाची कामं दार ठोठावण्याआधीच व्यायाम उरकलेला असायचा. संध्याकाळवर ढकललेला व्यायाम पाहुणे, थकवा आणि कामं यांच्या हातात जातो. सकाळच्या व्यायामाच्या वाटेत फारसं कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजणी. सुरुवात थोड्या नमस्कारांनी करायची आणि संख्या हळूहळू वाढवायची. ते स्वतः आणि त्यांच्यासारखे मुरलेले लोक शेकड्यांनी नमस्कार घालत. पण ती पुढची पायरी. नवख्याने पहिल्याच दिवशी तिच्यावर पाय ठेवायचा नव्हता. साधा हिशेब करून बघा. एका नमस्काराला वीस सेकंद धरले तर बारा नमस्कार चार मिनिटांत होतात. गडबडीच्या दिवशी चार मिनिटं कोणीही काढू शकतं आणि त्या दिवशी साखळी तुटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मंत्र. प्रत्येक नमस्काराबरोबर सूर्याचं एकेक नाव घ्यायचं. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी ही बारा नावं आहेत. बाळासाहेब त्याकडे श्रद्धेने बघत. नुसत्या व्यायामाच्या दृष्टीने पाहिलं तरी त्याचा उपयोग दिसतो. मोजणी चुकत नाही, श्वासाला लय मिळते आणि मन दुसरीकडे भटकत नाही.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर.

घराला सोबत घेतलं

त्या काळी व्यायाम ही पुरुषांची आणि त्यातही तालमीतल्या पुरुषांची गोष्ट समजली जाई. बाळासाहेबांनी राणीसाहेबांना आणि मुलांनाही नमस्कार घालायला लावले. स्त्रियांनी व्यायाम करावा, हे ते जाहीरपणे सांगत आणि त्यासाठी स्वतःच्या घरचं उदाहरण देत.

याचा परिणाम असा, की व्यायाम हा घरापासून चोरलेला वेळ राहिला नाही, तो घराचाच वेळ झाला. आज अनेकांची अडचण नेमकी हीच असते. व्यायाम करायचा तर मुलांचा वेळ कमी होतो आणि मुलांना वेळ द्यायचा तर व्यायाम बुडतो. औंधच्या वाड्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत.

घरानंतर पाळी शाळांची आली. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. राजाच्या हुकमाने घातलेले नमस्कार सगळ्यांनाच गोड वाटले असतील असं नाही. सक्तीने सवय लागते की नावड, हा प्रश्न आजही शाळांच्या पी.टी.च्या तासाला पडतोच. पण राजा स्वतः रोज जे करत होता, तेच मुलांना सांगत होता, हेही तितकंच खरं.

औंध ते लंडन

बाळासाहेबांनी सूर्यनमस्कारांवर मराठी आणि इंग्रजीत लिहिलं. 1936 मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथल्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली. साठी उलटून गेलेला हा राजा तब्येतीने तरुण दिसत होता आणि त्याचं कारण म्हणून रोजच्या नमस्कारांकडे बोट दाखवत होता. मॉर्गन यांनी त्यावर लेख लिहिले. पुढे 1938 मध्ये त्यांच्याच संपादनाखाली लंडनमधून बाळासाहेबांचं इंग्रजी पुस्तक निघालं.

या पुस्तकांतले सगळेच दावे आज जसेच्या तसे मानायची गरज नाही. नमस्कारांनी बहुतेक आजार दूर राहतात, असा त्यांचा विश्वास होता. आजचे डॉक्टर इतकं सरसकट बोलणार नाहीत. गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणंच शहाणपणाचं. पण अंग लवचीक राहणं, स्नायूंना काम मिळणं आणि दम वाढणं हे फायदे कोणीही नाकारत नाही.

राज्य गेलं, सवय उरली

याच काळात औंधमध्ये आणखी एक मोठी गोष्ट घडत होती. 1938-39 मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा निर्णय घेतला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानाची घटना तयार झाली आणि गावपंचायतींवर उभा राहिलेला कारभार सुरू झाला. या कामात त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांचा मोठा वाटा होता.

1948 मध्ये औंध भारतात विलीन झालं. राजेपण संपलं. 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी बाळासाहेबांचं निधन झालं.

आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, ब्रिटन अशा ठिकाणी त्यांनी काम केलं. दर काही वर्षांनी देश, हवामान आणि घर बदलणारं हे आयुष्य होतं. तरी वडिलांनी लावलेला नमस्कारांचा धागा त्यांनी सोडला नाही. 1970 मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. वडिलांकडून राज्य मिळालं नाही, पण सवय मिळाली.

आपण काय घ्यायचं?

बाळासाहेब राजा होते. त्यांच्याकडे नोकरचाकर होते आणि लोकलची गर्दी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यामुळे त्यांच्याइतके नमस्कार आपल्याला जमले नाहीत, तर त्यात कमीपणा काही नाही. घेण्यासारखी गोष्ट संख्येपेक्षा वेगळी आहे.

दहा वर्षं केलेला व्यायामप्रकारही त्यांनी बदलला, पण व्यायाम करणं सोडलं नाही. साधनं लागणार नाहीत असा प्रकार निवडला, वेळ सकाळची ठेवली, सुरुवात थोडक्यात करायला सांगितलं आणि घरच्यांना सोबत घेतलं. उत्साह रोज येतोच असं नाही. तो न येणाऱ्या दिवसासाठी हीच व्यवस्था कामी येते.

उद्या बाहेरगावी जायचं असेल तर बॅगेत वेगळं काही भरू नका. मुक्कामाच्या खोलीत पलंगाशेजारी सतरंजीएवढी जागा बघून ठेवा. सकाळी चार मिनिटं पुरेत.