मगनवाडीचा हिशेबनीस

मागच्या सेमिस्टरला ऑप्टिमायझेशन हा विषय घेतला तो, खरं सांगायचं तर, सोपा असेल म्हणून. सिनियर्सनी सांगितलं होतं की सिम्प्लेक्सची दोन गणितं घोटून घ्या, बाकी होऊन जातं. मिनी प्रोजेक्टला मी घरचंच वावर घेतलं. सहा एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी यांचा एकरी खर्च, उतारा आणि भाव बाबांना फोनवर विचारून भरले, अट एकच टाकली की जमीन सहा एकरांवर जायची नाही, आणि सॉल्व्हर चालवला. उत्तर आलं, सहाच्या सहा एकर पऱ्हाटी.

यात नवल काहीच नव्हतं. अट एकच असली की एकरी नफा ज्याचा जास्त, ते पीक सगळी जागा खातं. मग सिम्युलेशनच्या धड्याप्रमाणे भाव आणि पाऊस रँडम धरून दहा हजार हंगाम काढले. सरासरी झकास होती. पण ग्राफच्या डाव्या बाजूला लांब शेपूट निघालं, म्हणजे बी-खताचा खर्चही न निघणारी वर्षं. बाबांना हे सांगितलं तर ते आधी हसले. मग म्हणाले, त्या वर्षी घरात खायचं काय, हे तुझ्या कॉम्प्युटरला विचारलं का?

हे मी सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कुमारप्पांचं नाव घेतलं. मगनवाडीवरून शंभर वेळा गेलो असेन, पण जे. सी. कुमारप्पा म्हणजे कुणीतरी गांधीवादी, खादीवाले, यापलीकडे मला माहिती नव्हती. हा माणूस मुळात ऑडिटर होता हे तर ऐकलंच नव्हतं.

जन्म 4 जानेवारी 1892, तंजावरचा. तमिळ ख्रिस्ती कुटुंब, आडनाव कॉर्नेलियस. कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव त्यांनी पुढे लावलं. लंडनला हिशेबतपासणी शिकले, मुंबईत प्रॅक्टिस केली, सूट-बुटात राहिले. 1927 साली अमेरिकेत गेले, सिराक्यूजला डिग्री घेतली आणि मग कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या प्राध्यापकांकडे सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. भारत गरीब का, हे तिथे बसून त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. मला वाटतं त्यांच्या आयुष्याचा सांधा इथेच बदलला. हिशेब तोच, फक्त अशील बदललं.

तो प्रबंध घेऊन 1929 मध्ये ते साबरमतीला गेले. वेळेआधी पोचले. झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला, त्याच्याकडे बघत ते वेळ होण्याची वाट पाहत उभे राहिले. ते गांधीजीच होते. गांधीजींनी त्यांना खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या पाहणीचं काम दिलं, आणि गुजरात विद्यापीठाची पोरं घेऊन हा लंडनचा ऑडिटर घरोघरचा जमाखर्च लिहीत फिरला. आपल्याला एक सर्व्हे फॉर्म भरून आणायचा तर आपण होस्टेलच्या खोलीत बसून भरतो, हे इथे आठवलंच.

1934 च्या शेवटी ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पा त्याचे मंत्री झाले आणि वर्ध्याला आले. जमनालालजी बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे आजच्या मगनवाडीत, घाणी, हातकागद, मधमाश्या, वनस्पतीजन्य तेलावर जळणारा मगनदीप असे प्रयोग चालले. 1942 च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचं ते पुस्तक लिहिलं, ज्यासाठी सरांनी मला पाठवलं होतं.

त्यात एक तक्ता आहे. एक लाख लोकवस्ती धरलीय. माणशी रोज धान्य किती, डाळ किती, गूळ, तेल, दूध, भाजी, फळं किती, अंगावरच्या कपड्याला कापूस किती, आणि यावरून प्रत्येकाखाली किती एकर जमीन हवी. तो बघून मी चाटच पडलो. हा तर आमच्या पुस्तकातला डाएट प्रॉब्लेम!

योगायोग असा की 1945 सालीच अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर यांनी तसलंच गणित घातलं होतं. 77 पदार्थ, 9 पोषक घटक, सर्वांत स्वस्त आहार कोणता? अंदाजाने त्यांनी वर्षाचे 39.93 डॉलर काढले. 1947 मध्ये डँट्झिग यांच्या सिम्प्लेक्सने तेच सोडवायला नऊ कारकुनांचे मिळून 120 दिवस गेले आणि उत्तर आलं 39.69. आज हे लॅपटॉपवर डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं.

कुमारप्पांनी मात्र कमीत कमी किंवा जास्तीत जास्त असं काही काढलंच नाही. त्यांच्याकडे नुसत्या अटी आहेत. आमचे सर याला फीजिबल सोल्यूशन म्हणतील आणि मार्क कापतील. पण ताडगुळाबद्दलचं त्यांचं म्हणणं वाचा. गूळ उसाऐवजी ताड-शिंदीच्या नीरेपासून केला तर पडीक जमीन कामी येते आणि उसाची चांगली जमीन धान्याला मोकळी होते. कोणती अट आवळून बसलीय आणि ती कुठून सैल होईल, हेच आम्ही शॅडो प्राइस या नावाने शिकतो.

सगळंच पटलं असं नाही. कुणी कोणतं पीक घ्यायचं यासाठी परवाना असावा, असंही ते सुचवतात. तहसीलमधून कुणी येऊन बाबांना पीक सांगितलं तर काय होईल, ते मला चांगलं माहीत आहे.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे मगनवाडी सोडून आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला त्यांनी आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. तब्येत ढासळली तसे ते मदुराईकडे कल्लुपट्टीला गेले आणि 30 जानेवारी 1960 ला, गांधीजींच्याच तारखेला, वारले. नव्या सरकारच्या योजनांशी त्यांचं जमलं नाही. मोठ्या धरणांच्या आणि पोलादाच्या दिवसांत घाणीचा हिशेब कोण ऐकणार?

मी प्रोजेक्टमध्ये एक अट वाढवली, घरापुरती तूर आणि ज्वारी आधी, मग उरलेल्यात काय ते. नफ्याचा आकडा खाली आला, पण ते शेपूटही आखूड झालं. शीट बाबांना पाठवलंय. त्यांचं म्हणणं, ज्वारी कमी धरली, बैलांना कडबा लागतो. तो कॉलम अजून भरायचाय.