माधवराव सप्रे आणि छत्तीसगढचे प्रबोधन

नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरच्या गादीवर आले आणि पुढे कित्येक मराठी कुटुंबे छत्तीसगढात स्थिरावली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, माणसे राहिली. या प्रदेशाशी त्यांचे नाते जुन्या राज्यकर्त्यांचे असावे की शेजाऱ्याचे, हा प्रश्न माधवराव सप्रे यांनी आपल्या आयुष्यापुरता निकालात काढला.

दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १९ जून १८७१ रोजी जन्मलेल्या सप्र्यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवीत असताना, जानेवारी १९०० मध्ये त्यांनी रामराव चिंचोलकरांच्या साहाय्याने 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी हिंदी पत्करली, कारण वाचक घडवायचा होता तो तेथला. मासिक तीन वर्षांतच बंद पडले. परंतु याच मासिकात १९०१ मध्ये आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा ध्यानात घेण्याजोगी आहे. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तिच्या मातीची एक टोपलीही उचलवत नाही. हिंदीतील पहिली कथा हीच की काय, या वादापेक्षा तिच्यातील न्यायबुद्धी अधिक मोलाची म्हणावी लागेल.

१९०७ मध्ये नागपुरात त्यांनी टिळकांच्या 'केसरी'चा हिंदी अवतार 'हिंद केसरी' सुरू केला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि घरच्यांच्या दडपणाखाली त्यांनी क्षमापत्र लिहून दिले. सुटका झाली, जनमानसातील प्रतिष्ठा मात्र गेली. चरित्रकार येथे बहुधा घाईने पुढे सरकतात. वस्तुतः सप्र्यांचे उत्तरायुष्य या क्षणापासूनच उलगडते. ते रामदासी संप्रदायाकडे वळले, भिक्षान्नावर राहिले, आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला. पुढे टिळकांच्या 'गीतारहस्या'चा अनुवादही त्यांनीच केला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला कर्मयोग, तुरुंगातून क्षमा मागून सुटलेल्या माणसाच्या हातून हिंदी वाचकांपर्यंत पोहोचला, हे विसरता येत नाही.

या कर्मयोगाला रायपुरात प्रत्यक्ष रूप मिळाले ते मुलींच्या शिक्षणात. तेथे त्यांनी जानकीदेवी कन्या पाठशाळा स्थापन केली. १९२० मध्ये जबलपूरहून निघालेल्या 'कर्मवीर'मागेही तेच होते. संपादनाची धुरा त्यांनी माखनलाल चतुर्वेदींकडे सोपविली. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. शेजारच्या भिलाईत त्या वेळी पोलादाचा कारखाना नव्हता, नेहरू नगर नव्हते. 'छत्तीसगढ' हे नाव धारण करणारे राज्य तर २००० मध्ये अस्तित्वात आले. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नाव शंभर वर्षे आधी छापले गेले होते.